एसी लावला की गाडीतलं मॅट ओलं होतंय?

एसी तासभर चालला की शेजारच्या सीटपुढचं मॅट भिजायचं. दरवाज्याचं रबर बदललं, काचेच्या कडा सील केल्या, फरक शून्य. डोकं फिरायची वेळ आली होती.

पाणी बोटाला चिकट लागत नव्हतं, गोडसर वासही नव्हता. म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नाही, एसीचंच पाणी. इंजिन गार होऊ दिलं. बॉनेटखाली, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) तळाशी एसीचं पाणी बाहेर सोडणारी ड्रेनची आखूड रबरी नळी सापडली. तोंडाशी चिखल आणि कुजलेल्या पानांचा लगदा. तो बोटाने काढला, मग मऊ प्लास्टिकची बारीक नळी थोडीशीच आत घालून हळू फिरवली. तार अजिबात नको, इव्हॅपोरेटरला (एसीच्या हवा गार करणाऱ्या भागाला) भोक पडू शकतं. भसकन पाणी आलं. मग मॅटखालचा फोमही उचलून वाळवला, नाहीतर कुबट वास राहतो. आता एसी चालू असताना पाणी गाडीखाली ठिबकतं, तिथेच ठिबकायला हवं.