गेलेल्या माणसाचा गौरव ठराव ग्रामसभेत कसा घ्यावा

ग्रामसेवक म्हणून माझी २९ वर्षं गेली. जत, कवठेमहांकाळ आणि शेवटी पलूस तालुका. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गाव अजून ‘भाऊसाहेब’च म्हणतं. कुणी चांगलं माणूस गेलं की पोरांचा फोन येतो, "भाऊसाहेब, ठराव कसा घालायचा?" म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी ठरवा, शोकप्रस्ताव हवा की गौरव ठराव. विधिमंडळात अधिवेशनाच्या सुरुवातीला मांडतात तो शोकप्रस्ताव, आणि तोही मुख्यतः माजी सदस्यांसाठी. उभं राहायचं, श्रद्धांजली वाहायची, पुढचा विषय. गौरव ठरावात मात्र गावानं कारण सांगायचं असतं आणि मानपत्र द्यायचं असतं.

उशीर करू नका. जावळीतल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे नोव्हेंबर २००८ मध्ये गेले, त्यांना पुढच्याच २६ जानेवारीला अशोकचक्र मिळालं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, १९८४ ला ते अपघातात गेले आणि मरणोत्तर अर्जुन पुरस्काराला २००० साल उजाडलं. दिल्लीकडं कागद तरी राहतात. आपल्याकडं काम डोळ्यांनी बघितलेलीच माणसं म्हातारी होऊन जातात. तेरावा झाल्यावर, वर्षश्राद्धाच्या आत घ्या.

सरपंचांच्या नावे साधा अर्ज द्या आणि विषय अजेंड्यावरच घ्यायला लावा. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, त्याच्या अगोदर अर्ज पोचला पाहिजे. ‘ऐनवेळचे विषय’ यात ढकलू देऊ नका. तोवर निम्मी माणसं धारा काढायला गेलेली असतात. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा. तहकूब सभेला कोरम लागत नाही, पण अकरा माणसांत केलेला गौरव घरच्यांना लागतो. दवंडी द्या, ग्रुपवर टाका, आदल्या महिला सभेतही सांगा.

खरं काम ठरावाच्या मजकुरात आहे. आमच्याकडं पाणीपुरवठ्याचा शिपाई गेला, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. पहिल्या मसुद्यात पोरांनी लिहिलं होतं, ‘थोर समाजसेवक, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व’. मी सगळं खोडलं. ही विशेषणं कुणाच्याही फ्लेक्सवर बसतात. मग लिहिलं, ‘ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांनी गूळ शिजवायच्या मोठ्या कढईतून, म्हणजे काहिलीतून, वेताळ गल्लीतली माणसं काढली, आणि पाणी ओसरल्यावर स्वतःच्या घरातला गाळ तसाच ठेवून आधी गावची टाकी धुतली.’ सभेत हे वाचलं तेव्हा मागच्या बाकावरचे तंबाखू मळणारे हातही थांबले. चार-पाच ओळी पुरतात. सूचक आणि अनुमोदक असे निवडा की ज्यांनी ते काम स्वतः बघितलंय. आमचा सूचक त्याच काहिलीतून आलेला होता.

नावाआधी काय लावायचं ते घरच्यांना विचारा. सगळ्यांना सरसकट ‘कै.’ चिकटवू नका. माळकरी असेल तर वैकुंठवासी, लिंगायत असेल तर लिंगैक्य, बौद्ध असेल तर कालकथित, मुसलमान असेल तर पैगंबरवासी किंवा मरहूम. एका गावात हे विचारायचं माझ्याकडूनच राहिलं. ऐन कार्यक्रमात मुलगा मानपत्राची फ्रेम न घेता उभा राहिला. चूक माझी होती, आणि ती दुरुस्त करायला परत छपाईचे पैसे मीच भरले. नावाचं स्पेलिंग, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ आणि आडनाव, मृत्यू दाखल्यावरून घ्या. तारीख दोघांनी तपासा.

खर्च स्वनिधीतून करायचा असेल तर मासिक सभेची मंजुरी घ्या. मी म्हणेन, वर्गणी काढा. दहा-दहा रुपये देणाऱ्यालाही मग तो कार्यक्रम आपला वाटतो.

मानपत्र कुणाच्या हाती द्यायचं, यावर भांडणं होतात. जुन्या एका गावात ते पुतण्यानं घेतलं आणि गेलेल्या माणसाची बायको देवळाच्या खांबामागं बसून राहिली. ते मला अजून सलतं. मे २०२२ मध्ये शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्यानंतर बोलायला धीर आला. आण्णांच्या वेळी आम्ही आदल्या दिवशी घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "मी पुढं येऊन काय करू?" त्यांच्या जावेनं परस्पर सांगितलं, "ती येणार." आल्या. फोटोत पदर डोक्यावर आहे, पण फ्रेम दोन्ही हातांत घट्ट धरलेली आहे.

नंतर ठरावाची नक्कल सही-शिक्क्यानिशी मागून घ्या आणि ठराव क्रमांक मानपत्राच्या मागं लिहून ठेवा. प्रोसिडिंग बुक जुनं झालं की शोधणाऱ्याला तोच उपयोगी पडतो. एक प्रत घरी, एक ग्रामपंचायतीत. लॅमिनेशन नको, काचेची फ्रेम करा. आणि नदीकाठचं गाव असेल तर भिंतीवरची २०१९ ची पाण्याची रेघ बघून, तिच्या दोन हात वर खिळा मारा.