ब्रॉडबँड घेताना काय विचाराल?

सोसायटीच्या गेटवर छत्री लावून बसलेला इंटरनेटवाला 'शंभर एमबीपीएस, अनलिमिटेड' म्हणतो आणि आपण मान डोलावतो. पैसे देण्याआधी एवढं करा.

आधी वेगाला आठने भागा. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. आपल्या फाइली मात्र बाइटमध्ये मोजतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला फार तर १२.५ एमबी उतरणार. एक जीबीला दीडेक मिनिट धरा. नुसत्या 'ब्रॉडबँड' शब्दाला भुलू नका. २०२३ पासून सरकारी व्याख्येत त्याला किमान २ एमबीपीएस पुरतात. अपलोडचा वेगही विचारा. मीटिंगमध्ये तुमचा चेहरा समोरच्याला नीट दिसतो तो अपलोडच्या जिवावर.

मग 'अनलिमिटेड'च्या खालची बारीक अक्षरं वाचा. तिथे एफयूपी, म्हणजे वापराची मर्यादा, असते. ठरलेला डेटा संपला की लाइन तुटत नाही, वेग पडतो. किती जीबीनंतर आणि किती वेगावर, हे दोन्ही आकडे लिहून घ्या. दरात १८ टक्के जीएसटी धरलाय का, तेही.

आता खरा मुंबईकर प्रश्न: फायबर नेमकी कुठपर्यंत? घरापर्यंत आली तर ती एफटीटीएच. भिंतीवर ओएनटी नावाचा डबा लागतो; फायबरमधून प्रकाशाच्या रूपात आलेला डेटा तो राउटरला समजेल असा करतो. पुष्कळ जुन्या इमारतींत मात्र फायबर गच्चीवरच्या पेटीत संपते आणि तिथून खाली साधी लॅन केबल लोंबते. आमच्याकडे हेच होतं. पावसाळ्यात जिन्याची वीज गेली की पेटीतला स्विच, म्हणजे लाइन घराघरांत वाटणारं यंत्र, बंद, मग घरात इन्व्हर्टर असून उपयोग काय?

फायबर म्हणजे काच. दाराच्या फटीत दाबू नका, खिळ्याभोवती काटकोनात वळवू नका, प्रकाश गळतो. ओएनटीवर एलओएसचा दिवा लाल झाला तर प्रकाश पोहोचतच नाही. राउटर दहादा बंद-चालू करण्यापेक्षा सरळ तक्रार नोंदवा.

जोडणी झाल्यावर माणूस जायच्या आत लॅपटॉप वायरने राउटरला जोडून स्पीड टेस्ट करा. वायरने पूर्ण वेग येतो आणि वायफायवर नाही, तर दोष लाइनचा नाही. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून लांब जातो, पण तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांची सकाळच्या विरार लोकलइतकी गर्दी. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींत दमतो. म्हणून राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर ठेवा; लोखंडी कपाटामागे नाही. टेस्टमध्ये पिंगही दिसेल. तो निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. जितका कमी तितकं गेम खेळणारं पोर शांत.

स्टॅटिक आयपीचे, म्हणजे कधी न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याचे, जादा पैसे मागितले तर? घरी सर्व्हर चालवत नसाल तर नको म्हणा.