भंगारात जाणारी कामाची गाडी: उचलायला येण्याआधी काय काय करायचं

घरची कार भंगारात काढताना डिकी आणि डॅशबोर्डचा खण रिकामा केला की बरंचसं उरकतं. कामाची व्हॅन किंवा पिकअप मात्र चाकांवरचं गोदामच असते, म्हणून सुरुवात मागच्या दारापासून करा.

आधी धोक्याचा माल शोधा: गॅस सिलिंडर, स्प्रेचे डबे, थिनर, रंगाचे अर्धवट डबे, ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्या. बंद सिलिंडर गाडी चेपणाऱ्या प्रेसमध्ये सापडला की फुटतो आणि लिथियम बॅटरी चेपली की पेट घेते. नुसता एक सिलिंडर दिसला म्हणून गाडी न उचलता निघून जाणारेही असतात. सीटखाली, चाकाच्या कमानीमागे, प्लायच्या अस्तराआड टॉर्च मारून बघा. राडारोडा आत राहू दिला तर वजन वाढेल, हा हिशोब चालत नाही. लाकूड, माती, कचरा वजनातून कापतात, कधी उचलण्याचा खर्चही लावतात.

रॅक काढायचे असतील तर आदल्या संध्याकाळी गंजलेल्या नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर मुरू द्या. ४.८ मिमीच्या रिव्हेटला ५ मिमीचं बिट लावून फक्त डोकं उडवा. वेल्ड केलेली जाळी सोडून द्या, लोखंडच आहे. टपावरची शिडी आणि कॅरिअर मात्र उतरवाच. गाडी ट्रकवर चढली की उंची वाढते आणि वाटेतल्या पुलाखाली तेच अडकतं.

फर्मचं नाव आणि फोन नंबरही घालवा, कारण गाडी यार्डात कित्येक दिवस उभी राहू शकते. हीट गनने स्टिकर गरम करून सावकाश सोलला की निघतो, थंड ओढला तर तुकडे पडतात. रंग वाचवायचा नसल्यामुळे पत्र्याच्या पट्टीने खरवडलं तरी बिघडत नाही. कंटाळा आला तर वरून रंगाचे दोन हात मारा.

विजेच्या कामात क्रम चुकला की गोची होते. बॅटरी सोडण्याआधी काचा वर घ्या, सगळी दारं अनलॉक करा, गाडीच्या टेपमधून जोडलेल्या फोनांची नोंद पुसा. ट्रॅकर, टोलचा टॅग, डॅशकॅमचं मेमरी कार्ड, इंधनाचं कार्ड काढून घ्या. मागे इन्व्हर्टरसाठी दुसरी बॅटरी असेल तर पहिल्या बॅटरीजवळचा तिचा फ्यूज आधी काढा. नाहीतर कापलेल्या तारेचं टोक बॉडीला लागून ठिणगी उडते. मग मुख्य बॅटरीची आधी वजा, नंतर अधिक तार सोडा. पण हँडब्रेक बटणावरचा असेल तर बॅटरी जोडलेलीच राहू द्या, तिच्याशिवाय तो सुटणार नाही.

खरा खोळंबा होतो तो गाडी ढकलली जात नाही तेव्हा. ट्रकवरच्या विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) ओढायला चारही चाकं फिरायला हवीत आणि स्टिअरिंग मोकळं हवं, म्हणून किल्ली हाताशी ठेवा. टायरमध्ये हवा भरून रात्रभर टिकते का बघा. बरेच महिने हँडब्रेक ओढून उभ्या असलेल्या गाडीत ब्रेकचे लायनर गंजामुळे चाकातल्या ड्रमला चिकटतात. सपाट जागेवर बाकीच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, ड्रमच्या कडेवर हातोडीने चौफेर ठोका. मग दगड काढून गाडी थोडी पुढे, थोडी मागे हलवा. तरीही सुटलं नाही तर गाडी न्यायला येणाऱ्यांना आधीच कळवा, म्हणजे क्रेन किंवा चाकाखाली घालायच्या ट्रॉल्या आणतील. ऑटोमॅटिक गाडीत बॅटरी मेली की लिव्हर ‘पी’मधून हलत नाही. बऱ्याच मॉडेलांत लिव्हरशेजारी छोटं झाकण असतं, त्याखालची कळ दाबून न्यूट्रल मिळतं. ओढायचा हूक जॅकच्या सामानात शोधा. पुष्कळ गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, तेव्हा बसत नाही म्हणून जोर करू नका.

इंजिन ऑइल, कूलंट, एसीचा गॅस, एअरबॅग यांना हात लावू नका. ते यार्डातलं काम आहे आणि एसीचा गॅस हवेत सोडायचा नसतो. गळती असेल तर खाली ट्रे ठेवून वर भुसा टाका. डिझेल तोंडाने नळीतून ओढायचा उद्योग टाळा, फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. सायलेन्सरच्या लाइनमधला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून वेगळा विकायचा मोह होतो. पण ठरलेला भाव सहसा तो धरूनच असतो, आणि तो नाही दिसला की भाव पडतो.

चॅसी नंबर कागदाशी ताडून पाहा. गंजाखाली झाकला असेल तर तारेच्या ब्रशने घासा, ग्राइंडर अजिबात नको. नंबर पुसट झाला की गाडीच्या मालकीवर शंका येते. कर्ज फिटलं असूनही कागदावर बोजा राहिला असेल तर तो आधी उतरवा. गाडी ट्रकवर चढवताना चारही बाजूंचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा, पावतीवर तारीख घ्या. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात पडेपर्यंत विमा बंद करू नका.