पोकळ अक्षरं मराठीत करायची तर आधी सांधे बुजवा

मागच्या पोळ्याच्या वेळची गोष्ट. गावातल्या पोरांनी मला बॅनर करायला सांगितलं, सहा बाय चारचा फ्लेक्स, मधोमध आमच्या शेजारच्या काकाजीची बैलजोडी, झूल टाकलेली, बाशिंग बांधलेली, आणि वर मोठ्ठ्या अक्षरात 'पोळा'. मी नेहमीसारखी भरीव पिवळी अक्षरं टाकली आणि दाखवायला घेऊन गेलो तर काकाजी म्हणाले, "माह्या बैलाचे शिंगंच झाकले ना बे तुनं, मंग फोटो कायले काढला?" बरोबर होतं त्यांचं. वर्षभर राबतो तो बैल, त्याचा एक दिवस, आणि त्या दिवशीही त्याच्या डोक्यावर माझा फॉन्ट.

मग ठरवलं की अक्षरं पोकळ करू, म्हणजे फक्त काठ दिसला पाहिजे आणि आतून मागचा बैल आरपार दिसला पाहिजे. यूट्यूबवर इंग्रजी अक्षरांचं पाहून तसंच्या तसं केलं, घाईत झूम करून पाहिलं नाही, फ्लेक्स छापून आला, मारुतीच्या पाराजवळ लावला, आणि एक आजोबा वर बघून म्हणतात, "अक्षराइले टाके घातले काय रे?"

खरंच टाके होते. प आणि काना-मात्रा जिथं जुळतात तिथं शिरोरेषेत दोन उभ्या रेघा, ळ च्या आधी दोन, नंतर दोन. भरीव अक्षरात हे कधीच दिसत नाही म्हणून कोणी सांगत नाही. कॉम्प्युटरच्या फॉन्टमध्ये 'पोळा' हा एक तुकडा नसतो, प वेगळा, ो वेगळा, ळ वेगळा, शेवटचा काना वेगळा, असे चार तुकडे असतात आणि प्रत्येक जण आपापल्या डोक्यावर शिरोरेषेचा आपला तुकडा घेऊन येतो. मधे फट पडू नये म्हणून हे तुकडे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, घरावरच्या कवेलूसारखे. रंग भरला की सगळं एकजीव दिसतं. पण आतला रंग काढून नुसता काठ ठेवला की प्रत्येक कवेलूचा काठ वेगळा दिसायला लागतो. इंग्रजी छापील अक्षरं सुटी सुटी उभी असतात म्हणून त्यांना हा त्रास नाही, आणि म्हणूनच ते व्हिडिओ आपल्या कामाचे अर्धेच.

म्हणजे काम एवढंच, की काठ ओढायच्या आधी सगळी अक्षरं एकमेकांत विरघळवून एक आकार करायचा. मी गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतो कारण ते फुकट आहे आणि माझ्या जुन्या डब्यावर चालतं, जरा खोकत खोकत.

आधी साईज बघून घ्या. फ्लेक्सला ७२ डीपीआय, म्हणजे एका इंचात ७२ ठिपके (पिक्सेल), पुरतं, लोक दुरूनच बघतात. सहा फूट म्हणजे ७२ इंच, ७२ गुणिले ७२ म्हणजे ५१८४ पिक्सेल रुंदी, आणि चार फुटाचे ३४५६. मोबाईलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० चा असतो, तो ५१८४ रुंद केला की उंची ३८८८ होते, मग वरखाली कापून ३४५६ करायची. शिंगं कापू नका, खालची माती कापा. हे सगळं अक्षरं टाकायच्या आधी करायचं, नंतर फोटो मोठा केला तर अक्षरांचे काठ फाटतात.

आता टेक्स्ट टूल घ्या, क्लिक करा, 'पोळा' लिहा. मराठी टायपिंग जमत नसेल तर मोबाईलवर लिहून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा आणि व्हॉट्सॲप वेबवरून कॉपी करून चिकटवा, मी आजही तेच करतो. फॉन्ट जाड घ्या. बारीक फॉन्ट पोकळ करून काय उपयोग, आत बैल दिसायला जागाच नाही उरत. गुगल फॉन्ट्सवर मुक्ता आहे त्याचं सगळ्यात जाड वजन घ्या, बलू २ आहे त्याचे कोपरे गोल असतात म्हणून सणासुदीला शोभतो, आणि मोदक नावाचा तर इतका गुबगुबीत फॉन्ट आहे की दोनतीन अक्षरांच्या शब्दाला पाहायचंच काम नाही, पण त्यात मोठं वाक्य लिहू नका, वाचताच येत नाही. हे तिन्ही फुकट आहेत. आणि एक, शब्द रुंद दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवायच्या भानगडीत पडू नका. मराठीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाच्या जागी दातपडकं तोंड दिसतं. रुंद पाहिजे तर अक्षरच मोठं करा.

रंग कोणताही ठेवा, हे अक्षर नंतर लपवायचंच आहे.

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, फोटोचा एक, अक्षरांचा एक. लेयरच्या यादीत त्या टेक्स्ट लेयरवर राईट क्लिक करा आणि 'अल्फा टू सिलेक्शन' दाबा. अक्षरांभोवती मुंग्यांची रांग चालायला लागेल. ही रांग नीट पाहा, ती प आणि ळ च्या मधून जात नाही, सगळ्या शब्दाच्या बाहेरून फिरते आणि प च्या पोटात, ळ च्या गोलात आतून फिरते, बस. इथंच सांधे बुजले. कारण सिलेक्शनला अक्षरं माहीत नसतात, त्याला फक्त कुठं रंग आहे आणि कुठं नाही एवढंच कळतं. मी पहिल्या वेळी 'टेक्स्ट टू पाथ' वापरलं होतं, ते थेट फॉन्टमधून तुकडे उचलतं, म्हणून टाके आले.

आता सिलेक्ट मेनूतून 'टू पाथ' करा, म्हणजे मुंग्यांच्या रांगेची एक गुळगुळीत रेघ तयार होते. सरळ 'स्ट्रोक सिलेक्शन' करूनही काठ येतो, घाई असेल तर करा, पण मला त्याचे काठ खरबरीत वाटतात, पाथचे सुळसुळीत येतात. मग एक नवीन लेयर घ्या, त्यात भरायला 'ट्रान्सपरन्सी' निवडा, यादीतलं डोळ्याचं चिन्ह दाबून टेक्स्ट लेयरचा डोळा बंद करा म्हणजे तो लपेल, नव्या लेयरवर क्लिक करून तो पकडून ठेवा (हे विसरलात तर काठ थेट बैलाच्या फोटोवर उमटेल, मी दोनदा केलं आहे), आणि सिलेक्शन काढून टाका, कंट्रोल शिफ्ट ए.

सिलेक्शन का काढायचं ते सांगतो, कारण इथं एक चांगली युक्ती लपली आहे. रेघ पाथच्या बरोबर मधोमध बसते, अर्धी अक्षराच्या आत, अर्धी बाहेर. २४ पिक्सेलची रेघ म्हणजे १२ आत १२ बाहेर. पण सिलेक्शन चालू असताना रेघ ओढली तर ती सिलेक्शनच्या आतच उमटते, बाहेरची अर्धी गायब, आणि तुम्ही म्हणता २४ सांगितले आणि १२ च कसे आले. हे कळलं की त्याचा उपयोगही करता येतो. काठ आतल्या बाजूलाच पाहिजे तर सिलेक्शन ठेवा आणि रुंदी दुप्पट सांगा. बाहेरच पाहिजे तर कंट्रोल आय करून सिलेक्शन उलटं करा, मग ओढा. मराठीत बाहेरचा काठ जास्त जाड केला तर प चं पोट भरून जातं, 'शंकरपट' सारख्या शब्दात अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटतो. आतला जास्त जाड केला तर पोकळीच संपते. मी मधोमधच ठेवतो.

एडिट मेनूत 'स्ट्रोक पाथ', त्यात 'स्ट्रोक लाईन', रुंदी २४ पिक्सेल. ७२ डीपीआयला २४ पिक्सेल म्हणजे फ्लेक्सवर इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर, शाईपेनाची जाडी समजा. खाली 'लाईन स्टाईल' उघडा आणि जोड गोल ठेवा. टोकदार ठेवला तर वेलांटीच्या आणि मात्रेच्या टोकांवर बाभळीचे काटे निघतात. रंग फोरग्राउंडचा (टूलबॉक्समधल्या दोन रंगांपैकी वरचा) येतो, तो आधीच ठरवून घ्या.

आणि रंगाचं खरं सांगू का, नुसती पांढरी रेघ कॉम्प्युटरवर छान दिसते आणि फ्लेक्सवर उन्हात हरवते, कारण मागं पांढरे बैल, पांढरं धोतर, आभाळ पण पांढरट. म्हणून दोनदा ओढा. पहिल्यांदा काळी, ४० पिक्सेल. मग त्याच पाथवर पांढरी किंवा पिवळी, २४ पिक्सेल. दोन्ही मधोमध बसतात, त्यामुळं पांढऱ्याच्या दोन्ही बाजूंनी ८-८ पिक्सेल काळी किनार राहते, लुगड्याच्या काठासारखी. मागं काहीही असू दे, अक्षर वाचता येतं. तरी गर्दीचा फोटो असेल तर अक्षरांच्या मागची जागा थोडी अंधारी करा, पण बैल अंधारा करू नका, नाहीतर परत काकाजी.

गिंपची ३.० आवृत्ती २०२५ मध्ये आली, तिच्यात टेक्स्ट टूलमध्येच आउटलाईनची सोय दिली आहे, एका क्लिकमध्ये पोकळ अक्षर. इंग्रजी नावगावासाठी वापरा बिनधास्त. मराठीसाठी वापरली तर झूम करून शिरोरेषेचे सांधे आधी तपासा, मगच छापायला द्या.

फोटोशॉपवाल्यांचं काम सोपं आहे, टेक्स्ट लेयरला लेयर स्टाईलमधून स्ट्रोक द्या आणि लेयर पॅनेलमध्ये 'फिल' शून्य करा. 'ओपॅसिटी' नाही, 'फिल'. ओपॅसिटी शून्य केली तर काठासकट सगळं जातं, फिल शून्य केलं तर फक्त अंगातला रंग जातो आणि काठ राहतो. हा स्ट्रोक अक्षराच्या तयार आकाराभोवती बसतो म्हणून टाके दिसत नाहीत. मराठी लिहिताना वेलांटी चुकीच्या जागी पडत असेल, जोडाक्षर फुटत असेल तर जुन्या आवृत्तीत प्रेफरन्सेसमध्ये 'टाईप' मधे जाऊन भारतीय लिपी चालणारं टेक्स्ट इंजिन निवडा.

इंकस्केपमध्ये करायचं तर अक्षर लिहून 'ऑब्जेक्ट टू पाथ', मग अनग्रुप, मग सगळं निवडून 'युनियन'. युनियन हाच तिथला सांधे बुजवायचा मसाला. त्यानंतर फिल काढून टाका आणि स्ट्रोक द्या. आणि तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडं बसलात तर तो बहुतेक कोरलमध्ये (कोरलड्रॉ) काम करत असतो, त्याला सांगा, दादा, कंट्रोल क्यू करून वेल्ड मारा (तिथलं युनियनच ते), मग आतला रंग काढा. 'हार्दिक' सारखा शब्द असला तर वेल्डनंतर र्दि जवळ थांबून बघायला लावा, वेलांटीची कमान आणि रफार एकमेकांवर चढलेले असतात, तिथं टाके हमखास सापडतात. 'शुभेच्छा' मधला च्छा पण तसाच.

आता फाईल. पूर्ण बॅनर तुम्हीच केला असेल तर जेपीजी दिली तरी चालते. पण आमच्याकडं काय होतं, फ्लेक्सवाला त्याच्याकडच्या नेत्यांच्या गोल गोल फोटोंवाल्या तयार बॅनरमध्ये तुमची अक्षरं बसवतो, मग त्याला नुसती अक्षरं द्यावी लागतात, मागं काही नसलेली. त्यासाठी फोटोच्या लेयरचा पण डोळा बंद करा. स्क्रीनवर करड्या चौकटी दिसतील, त्याचा अर्थ इथं काहीच नाही, आरपार आहे. मग 'एक्स्पोर्ट ॲज' करून नावाच्या शेवटी पीएनजी लिहा. जेपीजीला आरपार काही कळत नाही, ती मागं सपाट रंग भरून मोकळी होते. नुसतं 'सेव्ह' केलं तर गिंपची एक्ससीएफ फाईल बनते, ती पण ठेवा, पुढच्या पोळ्याला नुसता फोटो बदलला की झालं.

पीएनजी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. व्हॉट्सॲप तिची जेपीजी करून टाकतं, अक्षरांच्या मागं डबा येतो, आणि फ्लेक्सवाल्याला वाटतं तुम्हीच तसं दिलं. पिनच्या चिन्हातून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. माझ्या एका कामात खांदमळणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी फोन आला, "भाऊ, मागं पांढरा डब्बा येऊन राह्यला", बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावून आवतन देणं चाललं होतं, हात तसेच तुपाचे, आणि मी त्याच हातानं मोबाईलवर डॉक्युमेंट शोधतोय.

यंदा पाठवायच्या आधी ती पीएनजी काकाजीला मोबाईलवर दाखवली. गॅलरीनं आरपार जागा काळी दाखवली, ते म्हणाले, "आता तं बैलच गायब केला तुनं." मग घरी बोलावून कॉम्प्युटरवर फोटोचा लेयर चालू करून दाखवला. ळ च्या गोलातून बरोबर उजव्या बैलाचा डोळा दिसत होता, तो मी ठरवून बसवला नव्हता, आपोआप आला होता, पण काकाजीला तसं सांगितलं नाही.