स्नोबाईकला स्की कुठली घ्यायची, कर्द्याच्या वाळूवर दाखवतो

माझा आतेभाऊ कामासाठी कॅनडाला चाललाय आणि डोक्यात त्याच्या स्नोबाईकच आहे, म्हणजे बर्फावर चालवायची मोटारसायकल. मी तिकडे ब्रिटिश कोलंबियात चार हिवाळे काढलेत, त्यामुळे रोज फोन, दादा रुंद स्की घेऊ का अरुंद. फोनवर काही नीट सांगता येईना म्हणून दिवाळीला दापोलीला आलो तेव्हा ओहोटी बघून त्याला कर्द्याच्या किनाऱ्यावर नेला. बरोबर पडवीतली एक दीड हाताची फळी घेतली, तळाला मधोमध बोटभर जाडीची पट्टी ठोकली, वर वजनाला अर्धा चिरा ठेवला आणि पुढे दोरी बांधली. तेच इथे लिहितोय, बाकीच्यांनाही कामाला येईल.

स्नोबाईक म्हणजे आपली डर्टबाईकच, बहुतेक जण 450 सीसी घेतात. पुढचं चाक काढून फोर्कला एक स्की (बर्फावर घसरणारी लांब फळी) लावायची, मागचं चाक काढून ट्रॅक (रणगाड्यासारखा फिरणारा पट्टा) बसवायचा. हे सगळं तयार किटमध्ये मिळतं, त्यात टिंबरस्लेडचं नाव जास्त ऐकू येतं, ती कंपनी 2015 मध्ये पोलारिसने घेतली. स्नोमोबाईलला (बर्फावर चालणारी ट्रॅकवाली गाडी) पुढे दोन स्की असतात, एक सुटली तर दुसरी धरते, इथे एकच आहे म्हणून वळायचं सगळं तिच्या जीवावर.

आता बर्फ म्हणजे एकच वस्तू नाही हे आधी डोक्यात घ्या. ताजा कोरडा बर्फ एका घनमीटरला 50 ते 100 किलो भरतो आणि निव्वळ आईस, म्हणजे घट्ट गोठलेलं पाणी, 917 किलो. एकीकडे स्कीने तरंगायचं, दुसरीकडे तिनेच रुतून धरायचं, ही दोन्ही कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, म्हणून सगळीकडे चालणारी स्की कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

पाण्याजवळच्या ओल्या घट्ट वाळूत फळी ओढली. दोरी तिरकी केली तर पट्टी वाळू कापत कापत वळली, पट्टी उपटून टाकली तर तीच फळी नुसती आडवी घसरत आली. ही पट्टी म्हणजे स्कीची कील. दाबलेल्या कडक बर्फावर हँडल वळवलंय पण बाईक सरळच चाललीय असं होतं ना, तेव्हा कील कमी पडते किंवा तिच्याखालचा रनर झिजलेला असतो. रनर म्हणजे लोखंडी दांडी, तिला टंगस्टन कार्बाईड लावलेलं असतं, आईसवर धरतं ते हेच. खडकावरून किंवा उघड्या रस्त्यावरून नेली की कार्बाईड बोथट होतं, नखाने चाचपून बघा, धार लागत नसेल तर बदला.

पण कील खोल म्हणजे चांगली असंही नाही. किनाऱ्यावर मोटारसायकलची जुनी चाकोरी होती, पट्टी पुन्हा ठोकली आणि फळी तिच्यात पडली की बाहेर यायलाच तयार नाही, भावाने दोरी दोन्ही हातांनी ओढली तरी. स्नोमोबाईलच्या जुन्या खुणांवर बाईक अशीच डावी उजवी ओढते. अशा वेळी हँडल घट्ट आवळू नका, ढिलं धरा. दोन कील असलेल्या स्कीला हा त्रास बराच कमी असतो.

मग वरच्या सुक्या भुसभुशीत वाळूत नेली, तिथे पट्टी असली काय नसली काय, फरकच पडेना. पावडर बर्फात, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, हेच होतं, रुंदी आणि वर वळलेलं नाक महत्त्वाचं. भाताच्या चिखलात गुटा (चिखल सपाट करायची फळी) फिरवताना माणूस पुढे झुकला की पुढची कड खाली घुसते, तसंच थ्रॉटल एकदम सोडला की वजन पुढे येतं आणि स्कीचं नाक बुडतं. थ्रॉटल थोडा चालू ठेवायचा. आणि ट्रॅक लांब असेल, 137 इंची वगैरे, तर तो पुढे ढकलतो जास्त, मग पुढच्या स्कीला धरही जास्त लागतो. (वरच्या वाळूत गाड्या मात्र घालू नका रे, नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात.)

रुंद सपाट स्कीचा त्रास कडक बर्फावर कळतो. बाईक झुकवली की ती कडेवर उभी राहते आणि हँडल परत तुमच्याकडे ढकलते, अर्ध्या तासात हात भरून येतात. डोंगराच्या उतारावरून आडवं जाताना उलट हीच कड कामाला येते.

मार्चनंतर सकाळी आईस आणि दुपारी चिखलणी केलेलं शेत, त्या पाणचट बर्फात सपाट तळ चिकटून बसतो, बाईक जड वाटते, तेव्हा इंजिन बिघडलं समजू नका.

भावाला मी मधल्या रुंदीची दोन कीलवाली सांगितली, पहिल्या हिवाळ्याला तीच. बसवताना बाईकचं पुढचं टोक उचलून नाक हाताने वर खाली करून बघायचं, स्की आणि स्पिंडलच्या (फोर्कला स्की जोडणारा भाग) मधलं रबर मऊ पडलं असेल तर नाक लोंबतं आणि तुम्ही उगाच स्कीला दोष देत बसता. रनरचे बोल्ट प्रत्येक फेरीआधी आवळायचे. एका वेळी एकच गोष्ट बदला, रनर आणि रबर दोन्ही बदललं तर फरक कशाने पडला ते कळत नाही. आणि पावडरमध्ये जाणार असाल तर ॲव्हलांच बीकन (हिमस्खलनात गाडलेला माणूस शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं घेतल्याशिवाय नाही, स्कीचे पैसे त्यानंतर.