बारक्या, एकट्या गॅलक्सीतलं जागं (म्हणजे गॅस गिळणारं) ब्लॅक होल घरी बसून कसं शोधायचं

दुर्बीण नको. सोलापुरात मे महिन्यात रात्री बारालापण गच्ची तापलेली असते, म्हणून मी हे सगळं कूलरसमोर बसून जुन्या लॅपटॉपवर करतो. स्लोन सर्व्हे म्हणजे आकाशाची मोठी पाहणी, त्याची स्कायसर्व्हर साइट फुकट आहे, न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीने घेतलेले लाखो स्पेक्ट्रम (प्रकाश रंगांत फोडून काढलेले आलेख) तिथे पडलेत.

आधी गॅलक्सी निवडा. बारकी म्हणजे ताऱ्यांचं वजन ३०० कोटी सूर्यांच्या आतबाहेर. मग ती खरंच एकटी आहे का ते बघा, आणि इथेच लोक गंडतात, फोटोत आजूबाजूला काळं दिसलं की एकटी म्हणून मोकळे. अहो, रेडशिफ्ट (प्रकाश लाल बाजूला किती सरकलाय तो आकडा, जेवढा जास्त तेवढी गॅलक्सी लांब) ०.०२ असेल तर ५० लाख प्रकाशवर्षं म्हणजे आकाशात जवळपास एक अंश, पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारीशेजारी ठेवा तेवढं, तर तेवढ्या परिसरातल्या मोठ्या गॅलक्सींचे रेडशिफ्ट बघायला लागतात. चिकटून दिसणारी ०.०८ ची निघाली तर ती शेजारीण नाहीच, लई मागे आहे. एकटीच कशाला? तर शेजारणीच्या ओढाताणीने गॅस आत गेला असेल ही शंका राहत नाही.

आता स्पेक्ट्रम. त्यात चार रेषा शोधा, एच म्हणजे हायड्रोजन आणि आकडा म्हणजे तरंगलांबी: एच-बीटा ४८६१, ऑक्सिजन ५००७, एच-अल्फा ६५६३, नायट्रोजन ६५८४ अँगस्ट्रॉम. रेडशिफ्टमध्ये १ मिळवून त्याने हे आकडे गुणले की रेषेची जागा सापडते. रेषेची उंची नाही, क्षेत्रफळ घ्यायचं. ऑक्सिजन भागिले एच-बीटा ३ च्या वर आणि नायट्रोजन भागिले एच-अल्फा ०.६ च्या वर आलं तर आत कोणीतरी जेवतंय.

पण बारक्या गॅलक्सीत नायट्रोजनच कमी, त्यामुळे खरं ब्लॅक होलपण नुसते तारे जन्मणाऱ्या गॅलक्सींच्या घोळक्यात लपतं. उलट एच-अल्फाची रेषा पसरट दिसली, म्हणजे ब्लॅक होलच, म्हणून नाचू नका (मी नाचलोय, मित्रांना चहापण पाजला). सुपरनोव्हाने (ताऱ्याच्या स्फोटाने) पण ती पसरते, फक्त काही वर्षांत विरते, म्हणून नंतरचा स्पेक्ट्रम मिळतो का बघा.

धीर धरा. २०१३ ला खगोलशास्त्रज्ञ एमी राइन्स आणि टीमने सुमारे २५ हजार बारक्या गॅलक्सी चाळल्या तेव्हा १३६ मध्ये खुणा दिसल्या. त्यातल्या आरजीजी ११८ नावाच्या गॅलक्सीमधलं ब्लॅक होल फक्त ५० हजार सूर्यांएवढं, आपल्या आकाशगंगेतलं ४० लाखांचं आहे. पक्कं करायला एक्स-रे लागतो, नासाच्या चंद्रा या अंतराळातल्या एक्स-रे दुर्बिणीचा जुना डेटापण फुकटच आहे.