ब्लॉक आधी, सिक्वेन्सर नंतर

एम.एस्सी. करून परळच्या एका लॅबमध्ये कॅन्सरच्या गाठींतली जनुकं तपासायच्या कामाला लागले तेव्हा वाटलं होतं, आता दिवसभर सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणं. पहिले कित्येक आठवडे हातात होती ती स्लाइड आणि ब्लेड.

फुफ्फुसाची बायोप्सी म्हणजे शेवईच्या तुकड्याएवढा नमुना, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला. त्यातले बरेचसे काप आयएचसीलाच (पेशींतली प्रथिनं रंगवून पाहायची तपासणी) जातात, उरेल ते आपलं. पॅथॉलॉजिस्टने मार्करने गोल केलेला भाग तेवढाच खरवडायचा, कारण ट्यूमरच्या पेशी १० टक्के असतील तर म्युटेशन साधारण ५ टक्के रीड्समध्येच, म्हणजे डीएनएच्या वाचलेल्या तुकड्यांमध्येच दिसतं. सँगर या सिक्वेन्सिंगच्या जुन्या पद्धतीला तेवढं दिसत नाही.

माझी चूक सांगते. ईजीएफआर या जनुकातली ठरावीक म्युटेशन्स शोधणाऱ्या पीसीआर किटवर काहीच आलं नाही. मी मसुद्यात 'निगेटिव्ह' लिहून मोकळी झाले. आमच्या मॅडमनी ते खोडलं. "किटमध्ये जे होतं ते सापडलं नाही, एवढंच लिही. नमुना उरलाय ना? एनजीएसला टाक." एनजीएस म्हणजे ठरावीक जागा न शोधता जनुकाचा भाग सलग वाचणारं सिक्वेन्सिंग. त्यात एक्सॉन २० इन्सर्शन (जनुकाच्या विसाव्या भागात जादा अक्षरं घुसलेली) निघालं! एक्सॉन १९ डिलीशन आणि एल८५८आर ही नेहमीची म्युटेशन्स किट सहज पकडतं, पण एक्सॉन २० मधल्या इन्सर्शनचे इतके प्रकार आहेत की किटला त्यातले मोजकेच ठाऊक. आणि त्यातल्या बहुतेकांवर जेफिटिनिबसारख्या ईजीएफआरवरच्या गोळ्या चालत नाहीत, म्हणजे डॉक्टरांचं सगळं गणितच बदलतं. त्या दिवसापासून रिपोर्टमध्ये काय तपासलं नाही, तेही मी लिहिते.

एएलके, आरओएस१, आरईटी, एनटीआरके ही फ्यूजन्स (एक जनुक दुसऱ्याला जोडलं जाणं) आणि एमईटी एक्सॉन १४ स्किपिंग (जनुकाचा तो भाग गळणं) यांच्यासाठी डीएनएबरोबर आरएनएही काढा. आरएनए फार नाजूक. ब्लॉक जुना असेल तर हाती भुगाच येतो.

उलट बाजूही आहे. नमुना टिकवायच्या फॉर्मलिनमुळे डीएनएत सी या अक्षराच्या जागी टी दिसतो, आणि नवख्याला वाटतं दुर्मिळ म्युटेशन गवसलं. (मीही एकदा पेढे आणायच्या बेतात होते.) आयजीव्ही या सॉफ्टवेअरमध्ये रीड्स डोळ्यांनी पाहा, शंका आली तर डीएनए नव्याने काढून पुन्हा चालवा. खरं असेल तर पुन्हा दिसतंच.

आमच्याकडे महिनोन्‌महिने टीबी समजून औषधं घेऊन, मग कॅन्सर कळून आलेले पेशंट असतात. त्यांना दुसऱ्या बायोप्सीला पाठवणं जिवावर येतं, म्हणून नमुना जपा. हाडातला तुकडा आला तर आधी हिस्टोपॅथॉलॉजीला फोन लावा: डीकॅल्सिफिकेशन (हाडातलं कॅल्शियम काढणं) ॲसिडने केलंय की ईडीटीएने? ॲसिडने डीएनए खराब होतो, म्हणून तसं केलं असेल तर दुसरा ब्लॉक आहे का, ते त्याच फोनवर विचारून घ्या.